बालवाडीवर पैसा लावावा का, हे ठरवण्याआधी तो आज कुठे जातो ते बघू

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे: "अंगणवाड्यांवर दरवर्षी हजारो कोटी रुपये जातात. परदेशातले अभ्यास सांगतात की बालवाडीचा फायदा तिसरी-चौथीपर्यंत विरून जातो. आमच्या भागात ऑटोवालाही पोराला कॉन्व्हेंटमध्येच टाकतो, अंगणवाडीत कोणी पाठवत नाही. मग हा पैसा पहिलीच्या शिक्षकांवर का लावू नये? किंवा सरळ आईच्या खात्यात का टाकू नये? माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, त्यामुळे प्रश्न घरचाही आहे."

तुम्ही ऐकलेले अभ्यास खोटे नाहीत. हे आधीच सांगते, कारण आमच्या क्षेत्रातले बरेच जण ते ऐकले की विषय बदलतात आणि "एक रुपया लावा, सात रुपये परत" असलं काहीतरी ठोकून मोकळे होतात. मी नागपूर शहरात आणि पुढे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, आता सेविकांचं प्रशिक्षण घेते. सरकारने या वयावर पैसा लावलाच पाहिजे असं माझं मत आहे. पण आज तो ज्या-ज्या गोष्टींवर लागतो, त्यात मुलासोबत बसून त्याच्याशी बोलणाऱ्या, खेळणाऱ्या, गोष्ट सांगणाऱ्या मोठ्या माणसाचा वेळ जवळपास नाहीच. आहार आहे, इमारत आहे, फोन आहे, रंगवलेल्या भिंती आहेत. वेळ नाही. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने गरीब घरांतल्या मुलांसाठी सरकारी बालवाड्या चालवल्या. अर्ज जास्त आणि जागा कमी, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले. त्यामुळे संशोधकांना जागा मिळालेली आणि न मिळालेली अशी जवळपास ३,००० मुलं तुलनेला मिळाली. सहावीपर्यंतचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. बालवाडीला गेलेली मुलं परीक्षेत मागे होती आणि त्यांच्याबद्दल शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या. नुसता फायदा विरला असता तर एक वेळ चाललं असतं, इथे तोटा निघाला.

दुसऱ्या बाजूला मिशिगनमधला पेरी प्रकल्प. १९६२ ते १९६७, मुलं फक्त १२३, त्यातली ५८ बालवाडीत गेली. बुद्ध्यांकातली आघाडी प्राथमिक शाळेत विरली, पण तीच माणसं चाळिशीत आली तेव्हा त्यांचं शिक्षण आणि कमाई जास्त होती आणि अटका कमी होत्या. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी या प्रकल्पाचा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढला आणि तो आकडा जगभर फिरला. बॉस्टनमधल्या सरकारी बालवाड्यांच्या लॉटरीचा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात शाळेच्या गुणांवर काही परिणाम दिसला नाही, पण कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

आता पेरीच्या आत काय होतं ते बघा. पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका. रोज सकाळी अडीच तास. आठवड्यातून एकदा शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन दीड तास आईसोबत आणि मुलासोबत बसायची. हा खर्च आपल्याला झेपणारा नाही हे उघड आहे. पण परताव्याचा आकडा त्या प्रकल्पाचा घ्यायचा आणि माणूसबळ मात्र चाळीस मुलांमागे एक ठेवायचं, असं करून भाषणं झडतात तेव्हा मला राग येतो. अभ्यासांचा वाद बहुतेक वेळा "बालवाडी चालते की नाही" असा मांडला जातो. पेरीत काय होतं आणि टेनेसीच्या वर्गात काय होतं हे कोणी विचारत नाही. पाटी एकच असली तरी आतला ऐवज वेगळा असतो.

आणि मेंदूबद्दल एक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिहिलं आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते. हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणाच्या पहिल्या स्लाइडवर असतं. त्यातून पालक असा अर्थ काढतात की सहा झाले की दार बंद. तसं काही नाही. या वयात पाया स्वस्तात आणि सहज पडतो, एवढंच त्यातून घ्यावं. साडेतीन वर्षांच्या पोरीला कर्सिव्ह शिकवा असं त्यात कुठेही नाही.

आता आपल्या अंगणवाडीकडे. नागपुरात महापालिकेच्या हद्दीतल्या अंगणवाड्या महापालिका चालवत नाही. त्या राज्याच्या महिला व बालविकास विभागाच्या नागरी प्रकल्पांखाली येतात, गावातल्या जिल्हा परिषदेमार्फत चालतात. शहरातली अडचण जागेची. उत्तर किंवा पूर्व नागपुरातल्या दाट वस्तीत बहुतेक वेळा भाड्याची एक खोली मिळते, दहा बाय बाराची, वर टिनाचं छप्पर. म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. केंद्राने २०१३ च्या बालशिक्षण धोरणासोबत जे गुणवत्तेचे निकष आणले, त्यात ३० मुलांना ३५ चौरस मीटरची खोली सांगितली आहे, आणि ३ ते ६ वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस. भाड्याचा केंद्राचा दर मात्र शहरात महिना ४,००० आणि महानगरात ६,०००. एवढ्यात नागपुरात ३५ चौरस मीटर कोण देतो? बरं, भाडं वेळेवर आलं नाही की घरमालकाचं तोंड सेविकेने बघायचं. एका वस्तीत तर घरात लग्न निघालं की मालक खोली मागून घ्यायचे आणि आठवडाभर मुलं मंदिराच्या ओट्यावर बसायची. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की टिनाखाली मुलांना थांबवणं हाच गुन्हा वाटतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, अंगणवाडीला मात्र तशी लांब सुट्टी नाही, वेळ तेवढी सकाळची होते.

पण जागा ही माझी पहिली तक्रार नाही. ओट्यावरही चांगली बालवाडी चालते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी पाड्यांत जाऊन, झाडाखाली, अंगणात, शिंपले-बिया-काड्या घेऊन हे करून दाखवलं. सेविकेचा दिवस ही माझी पहिली तक्रार आहे.

सकाळी आली की मुलं गोळा करणं, कारण निम्म्या घरी आई सहालाच धुण्याभांड्याला किंवा साइटवर गेलेली असते. मग सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपवर हजेरी. नेटवर्क नसेल तर दारात उभं राहून. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते ते उगाच नाही. फोन गरम होऊन बंद पडायचे आणि ॲप इंग्रजीत. आता घरी न्यायच्या आहारासाठी, म्हणजे टीएचआरसाठी, लाभार्थीचा चेहरा फोनवर जुळवायचा. मग वजन-उंची, गरोदर महिलांची नोंद, मातृवंदनेचे अर्ज, लसीकरणाचा दिवस, पल्स पोलिओ, आणि ज्यांच्याकडे बीएलओचं काम आहे त्यांच्यासाठी मतदारयादी. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण आली तेव्हा अर्ज भरायला याच सेविका लावल्या, एका अर्जामागे ५० रुपये. त्या दिवसांत ज्या अंगणवाडीत जावं तिथे दारात बायांची रांग, आणि आत पोट्टे आपापसात हाणामारी करत.

मदतनीस असते ना, असं तुम्ही म्हणाल. ती स्वयंपाक, वाढणं, भांडी, झाडलोट आणि मुलांना घरून आणणं-सोडणं यात असते. राज्याचा "आकार" नावाचा अभ्यासक्रम आहे, चांगला आहे, महिन्याचे विषय, गाणी, खेळ सगळं मांडलेलं आहे. तो सेविकेला येत नाही असंही नाही. वयस्क सेविकांना इतकी बडबडगीतं पाठ आहेत की ऐकत राहावं. त्यांना तो घ्यायला सलग तासभर मिळत नाही, बस.

हे असं का झालं? मला विचाराल तर उत्तर कायद्यात आहे. संविधानाच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांचं शिक्षण होतं, त्यात शून्य ते सहाही आले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ ला मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालच्यांना राज्याने प्रयत्न करावा अशा मार्गदर्शक तत्त्वात ठेवलं. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमात पूर्वप्राथमिकची सोय सरकारच्या मर्जीवर सोडली. याउलट २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतला आहार हा हक्क म्हणून दिला. त्याच्याही आधी सर्वोच्च न्यायालयाने अन्न अधिकाराच्या खटल्यात २००६ साली अंगणवाड्या सगळीकडे पोचवायला सांगितलं होतं. म्हणजे अंगणवाडीतलं जेवण मुलाचा कायदेशीर हक्क आहे आणि तिथलं शिकणं नाही. जे हक्कात आहे ते तक्त्यात येतं, जे तक्त्यात आहे ते बीट मीटिंगमध्ये, म्हणजे पर्यवेक्षिका आणि सेविकांच्या बैठकीत, विचारलं जातं. मी स्वतः ज्या मीटिंगांना बसले त्यात किती मुलं सॅम (तीव्र कुपोषित), किती मॅम (मध्यम कुपोषित), किती दिवस आहार, हे विचारलं जायचं. या महिन्यात कोणती गोष्ट सांगितली, हे कोणी विचारल्याचं आठवत नाही.

आहार बिनमहत्त्वाचा आहे असं म्हणत नाही, गैरसमज नको. उपाशी पोर गाणं म्हणत नाही. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी ही योजना सुरू झाली ती कुपोषण डोळ्यांसमोर ठेवूनच, आणि आपल्या शेजारचं मेळघाट आठवलं की ते बरोबरच होतं हे पटतं. तरी आहाराचीही दशा बघा. सर्वसाधारण मुलामागे दिवसाला ८ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला. त्यानंतर तूरडाळीचं काय झालं ते तुम्हाला घरी माहीत आहे.

आता तुमच्या कॉन्व्हेंटकडे येते. नागपुरात आपण गल्लीतल्या दोन खोल्यांच्या केजीलाही कॉन्व्हेंटच म्हणतो. त्यावर नाक मुरडणाऱ्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगत आले की आईवडील मूर्ख नाहीत. तो ऑटोवाला फी भरतो ती तीन-चार तासांसाठी. मूल ठरलेल्या वेळी घेतलं जातं, कोणीतरी बाई त्याच्यासमोर असते, डायरीत काहीतरी लिहून येतं, व्हॅन दारात येते. अंगणवाडी हे देत नसेल तर तो जाणारच. आणि मग गंमत अशी होते की मुलाचं नाव अंगणवाडीच्या पटावर, आहार घरी, आणि मूल कॉन्व्हेंटमध्ये. सेविकेला पट टिकवायचा असतो, आईला पाकीट हवं असतं, दोघीही खुश. त्यामुळे पटावरून कोणत्याही अंगणवाडीबद्दल मत बनवू नका.

पण त्या कॉन्व्हेंटमध्ये आत काय विकत मिळतं? बाकावर बसवलेली साडेतीन वर्षांची मुलं, चार रेघी वही, "ए फॉर ॲपल" पंचवीस वेळा. घरी मूल हिंदी किंवा वऱ्हाडी बोलतं, बाई इंग्रजीत सूचना देते, आणि तिला स्वतःला त्या भाषेत गोष्ट सांगता येत नाही. आंबेडकर विद्यापीठ दिल्ली आणि मुलांच्या शिकण्याची पाहणी करणारी संस्था असर यांनी मिळून तेलंगण (आधीचा आंध्र), राजस्थान आणि आसाममध्ये हजारो मुलांचा काही वर्षं माग ठेवला, तो अहवाल २०१७ चा. त्यात अंगणवाडी आणि खासगी दोन्हीकडे वयाला साजेसं शिक्षण नव्हतं. एकीकडे फारसं काही घडत नव्हतं, दुसरीकडे पहिली-दुसरीचा अभ्यास खाली ओढला होता. आपल्याकडे खासगी बालवाड्यांवर अंकुश फार थोडा. १९९६ मध्ये राज्याने कायदा करून बालवाडी प्रवेशाच्या मुलाखती बंद केल्या, त्या आजही "पालकभेट" या नावाने चालतात. बाईचं शिक्षण किती, मुलामागे जागा किती, संडास आहे का, हे बघणारं कोणी नाही.

खासगीला पैसे देऊन, म्हणजे व्हाउचर वगैरे देऊन, काम भागेल असं काही जण म्हणतात. धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागात भागेल. देवलापारच्या बाजूच्या गोंड पाड्यावर कोण कॉन्व्हेंट काढणार? बुटीबोरी-हिंगण्याच्या साइटवर छत्तीसगडहून आलेल्या मजुराचं मूल चार महिन्यांनी दुसऱ्या साइटवर जातं, त्याला कोणती खासगी शाळा घेणार? सरकारी पैशाचा पहिला हक्क या मुलांचा आहे, आणि अभ्यासांत सगळ्यात जास्त फायदा दिसला तोही अशाच घरांतल्या मुलांना.

तुमचा पहिलीच्या शिक्षकांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. २०२४ च्या असरच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या साधारण २७ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. पहिली-दुसरी ढिसाळ असेल तर बालवाडीत कमावलेलं तिथे गळतं. फायदा विरण्याचं एक कारण हेही आहे, त्याचा दोष बालवाडीवर टाकून चालणार नाही. पण उलट बाजूने बघा. पहिलीत मूल येतं ते कधी पुस्तकाचं पान न उलटलेलं, घरची भाषा छत्तीसगडी, शाळेची मराठी, आणि गटात बसायची सवय नाही. त्या मुलासाठी शिक्षिकेचे पहिले सहा महिने कशात जातात हे कोणत्याही पालिका शाळेत विचारा. तिला चांगलं काम करू द्यायचं असेल तर खालून काही तयारी आलीच पाहिजे.

आईच्या खात्यात पैसे टाकायला माझा विरोध नाही. बाईच्या हातात पैसा आला की मुलाच्या ताटात काहीतरी वाढतं हे मी वस्तीत बघितलं आहे. पण महिना १,५०० रुपयांतून तिला बालवाडी विकत घ्यायची असेल तर वस्तीत बालवाडी असायला हवी. जी आहे ती वर सांगितलेली कॉन्व्हेंट. पैसे तिकडे जातील, चार रेघी वह्या वाढतील.

मग पैसा नेमका कशावर लावायचा, यावर आपल्या देशातलाच एक अभ्यास आहे, आणि त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. तमिळनाडूत चार जिल्ह्यांतल्या ३२० अंगणवाड्यांवर गनिमियन, मुरलीधरन आणि वॉल्टर्स या तिघांनी तो केला. निम्म्या अंगणवाड्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि तिथे अर्धवेळ एक जास्तीची बाई दिली, तिचं काम फक्त मुलांना शिकवणं, पगार महिना ४,००० रुपयांच्या आसपास. दीड वर्षाने मोजलं तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता. अंगणवाडीत टिकून राहिलेली मुलं गणितात आणि भाषेत स्पष्ट पुढे होती, ०.२९ आणि ०.४६ प्रमाण विचलनाइतकी (मुलामुलांच्या गुणांत किती फरक असतो त्याचं हे माप). या क्षेत्रात एवढा फरक सहजासहजी दिसत नाही. त्याहून मला आवडलेली गोष्ट वेगळीच: त्या अंगणवाड्यांत खुरटेपणा आणि तीव्र कुपोषणही कमी झालं. कारण शिकवायचं ओझं उतरलेल्या सेविकेने तो वेळ पोषणाच्या कामाला दिला. लेखकांनी फायदा खर्चाच्या १३ ते २१ पट मांडला आहे. पुढच्या आयुष्यातल्या कमाईचे अंदाज त्यात आहेत, म्हणून मी त्या पटीवर फार जोर देत नाही. दुप्पट झालेला वेळ मात्र मोजलेला आहे.

आपल्याकडचा हिशेब कागदावर करून बघा. अर्धवेळ बालशिक्षिका, समजा महिना ८,००० रुपये. वर्षाला ९६,००० झाले. अंगणवाडीत ३ ते ६ ची २५ मुलं धरली तर मुलामागे वर्षाला ३,८४०, म्हणजे महिना ३२० रुपये. तुमच्या गल्लीतल्या कॉन्व्हेंटची फी यापेक्षा किती जास्त आहे ते तुम्हीच ताडून बघा. राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत, त्या सगळ्यांचा खर्च १,०५६ कोटी. प्रशिक्षण आणि देखरेख धरून १,३०० कोटी म्हणा. लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा वर्षाचा अंदाज ४६,००० कोटींचा होता. त्याच्या तीन टक्क्यांहून कमी. दोन योजना एकमेकींसमोर उभ्या करायच्या नाहीत मला, पण "पैसे नाहीत" हे उत्तर ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. केंद्राच्या सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० ला २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात २१,९६० कोटी आहेत. त्यात अंगणवाड्या "सक्षम" करताना एलईडी पडदा, पाणी शुद्धीकरणाचं यंत्र, भिंतीवरची चित्रं, पोषणवाटिका. पाण्याचं यंत्र ठीक. पडद्यावर गाणी लावून दिली की सेविका नोंदी करायला मोकळी होते, आणि पाहणीला आलेल्या माणसाला मुलं शांत बसलेली दिसतात. त्यापेक्षा हाणामारी करणारी बरी.

२०२३ मध्ये केंद्राने "पोषण भी पढाई भी" सुरू केलं आणि २०२४ मध्ये ३ ते ६ वर्षांसाठी "आधारशिला" हा अभ्यासक्रम दिला. दिशा बरोबर आहे. प्रशिक्षणाला आलेल्या सेविका तीन दिवस मनापासून खेळतात, कागदी बाहुल्या करतात आणि जाताना एकच विचारतात: मॅडम, हे घ्यायचं कधी?

माझ्या सूचनेवरचा सगळ्यात खरा आक्षेप सेविकांच्या संघटनांकडून येतो, आणि तो बरोबर आहे. त्या म्हणतात, आम्हालाच पुरेसं मानधन नाही, आता आणखी एक अर्ध्या पगाराची बाई उभी करणार. केंद्राने ठरवलेलं मानधन २०१८ पासून सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० वरच आहे, वर राज्य आपली भर घालतं. दर हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमहून निघणारे त्यांचे मोर्चे नागपूरकरांना पाठ आहेत. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला संप जानेवारी संपत येईपर्यंत चालला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडीच्या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तेव्हा त्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचं काम करतात हेही नोंदवलं. त्यामुळे आधी सेविकेचं मानधन, मग जास्तीची बाई, हा क्रम मला मान्य आहे. आणि जास्तीची बाई आली तर तिच्या नेमणूक पत्रात लिहिलेलं हवं की सर्वेक्षण, ॲप आणि निवडणूक यातलं काही तिला देता येणार नाही. नाहीतर सहा महिन्यांत ती दुसरी कारकून होईल, याची मला खात्री आहे.

अंगणवाड्या शाळेच्या आवारात न्याव्या, पाच वर्षांच्यांची बालवाटिका शाळेतच करावी, हाही एक प्रवाह जोरात आहे. पाच वर्षांच्या मुलांसाठी चांगलं आहे, संडास-पाणी-मैदान मिळतं, पहिलीची बाई ओळखीची होते. तीन वर्षांच्या मुलाला मात्र रिंग रोड ओलांडून कोण नेणार? आणि शाळेच्या आवारात गेलं की शाळेची शिस्त खाली उतरते, बाक येतात, पाटी येते. दोन्ही वयांना एकच नियम लावू नये. नागपुरात पटाअभावी महापालिकेच्या बऱ्याच शाळा बंद पडल्या, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर अंगणवाडी टिनाखाली भाड्याने बसते. तिथे हा विचार सगळ्यात आधी व्हायला हवा.

तुमच्या मुलीचं. दोन्हीकडे जा, अंगणवाडीत आणि कॉन्व्हेंटमध्ये, सांगून जाऊ नका, साडेदहाच्या सुमारास जा आणि अर्धा तास कोपऱ्यात बसा. भिंती आणि खेळणी बघू नका. मोठं माणूस मुलांशी बोलतं किती आणि मुलं त्याच्याशी बोलतात किती ते बघा. प्रश्नाला मुलं एका सुरात उत्तर देतात की एकेकटं काहीबाही सांगतात? बाई पुस्तक हातात घेऊन वाचून दाखवते का? बाहेर पळायला सोडतात का? रडणाऱ्या मुलाजवळ कोण जातं? तीन-साडेतीनच्या मुलाच्या हातात पेन्सिल आणि रेघी वही दिसली तर तिथून उठा, फी कितीही कमी असो. अंगणवाडीत बाई चांगली असेल आणि पोरं हसत असतील तर निर्धास्त पाठवा, आणि संध्याकाळी घरी तुम्ही स्वतः रोज एक गोष्ट सांगा, घरच्या भाषेत. चांगली नसेल तर कॉन्व्हेंटमध्ये टाका, त्यात लाज नाही. पण त्या बाईला सांगा की मुलीला घरी लिहायला देऊ नका.

वस्तीसाठी काही करायचं असेल तर बंद शाळेची खोली अंगणवाडीला मागा. अर्ज दोन ठिकाणी द्यावा लागतो, महापालिकेच्या शिक्षण विभागाला आणि तुमच्या नागरी प्रकल्पाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना. एकाच ठिकाणी दिला तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवतात. डागडुजीला पैसा नाही असं म्हणाले तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीत ३ टक्के महिला व बालविकासासाठी राखून असतात, त्यातून मागणी टाका. त्या मागणीवर प्रकल्प अधिकाऱ्यांची सही लागते, आणि ती आर्थिक वर्ष संपत आल्यावर नाही, दिवाळीच्या आत घ्यावी.